होडीत पाय ठेवण्यापूर्वी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या जिल्ह्यातील धरणांचे काठ गजबजू लागतात. भंडारदऱ्याला काजवे पाहायला आलेली मंडळी दिवसा होडीतून फेरी मारतात. राहुरीजवळ मुळा धरणाच्या ज्ञानेश्वर सागरावर गळ टाकून बसणारे हौशी तरुण दिसतात. कर्जत तालुक्याला उजनीचे, तर नेवासे आणि शेवगाव तालुक्यांना जायकवाडीचे फुगवट्याचे पाणी लागून आहे. तिथे होडी म्हणजे करमणूक नाही. अनेक मच्छीमार कुटुंबांची ती रोजीरोटी आहे आणि काही गावांचा तो जवळचा रस्ताही आहे.

हे पाणी दिसायला शांत असते. समुद्रासारखी भरती-ओहोटी नाही, नदीसारखी ओढ नाही. त्यामुळे ‘धरणात काय व्हायचंय?’ असे सहज म्हटले जाते. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काम करताना मात्र एक गोष्ट पक्की कळली आहे. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरच्या हातात फार थोडे उरते. त्याचा जीव वाचतो तो काठावर आणि होडीत, आणि बहुतेक वेळा होडी सुटण्यापूर्वीच.

वळिवाचा वारा

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, बाकीचे सहा जण गेले. त्यात लहान मुलेही होती. कारण होते अचानक सुटलेला वादळी वारा.

हा वारा नेमका कसा येतो, ते समजून घेतले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर जमीन तापते, गरम हवा वर चढते आणि दुपारनंतर उंच, काळे ढग जमतात. त्या ढगातून पाऊस कोसळू लागला की त्याबरोबर गार झालेली जड हवाही खाली आदळते आणि जमिनीवरून चहूबाजूंना पसरते. म्हणून पावसाचा थेंब पडण्याआधीच गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. घामाघूम झालेल्या माणसाला तो सुखावतो, पण पाण्यावर असणाऱ्यासाठी ती धोक्याची घंटा आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. मोकळ्या पाण्यावरून वारा जितके अंतर कापतो तितक्या लाटा वाढत जातात. उजनी किंवा जायकवाडीवर असे कित्येक किलोमीटरचे मोकळे पाणी असते. फुगवट्याच्या उथळ भागात लाटा जवळजवळ आणि उभ्या उठतात. सपाट बुडाच्या होडीला अशी लाट आडवी लागली की होडी भरायला काही क्षण पुरतात.

त्यामुळे साधा नियम ठेवावा. या दोन महिन्यांत पाण्यावरची कामे सकाळीच उरकावीत आणि दुपारनंतर लांबचा पल्ला घेऊ नये. क्षितिजावर काळा ढग दिसला, गार झोत आला किंवा गडगडाट ऐकू आला, तर समोरचा ठरलेला काठ सोडून जो काठ जवळ असेल तो धरावा. गडगडाट ऐकू येतो, याचा अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. मोकळ्या पाण्यावर होडीतला माणूस हाच सर्वांत उंच असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप परिसरातील विजांची सूचना देते. प्रत्येक नावाड्याच्या मोबाइलमध्ये ते असावे.

होडी का उलटते?

वाऱ्याशिवायही होड्या उलटतात, आणि त्यामागे बहुधा माणसेच असतात. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अपुरी लाइफ जॅकेटे हीच तिथली कहाणी होती.

बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून निदान दीड-दोन वीत वर राहिला पाहिजे. तो त्याहून खाली गेला असेल, तर आपण उतरावे आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी. होडीत उभे राहू नये. माणूस उभा राहिला की होडीचा तोल वर सरकतो आणि जराशा हेलकाव्यानेही ती कलते. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला सरकणे तर सर्वांत धोक्याचे. मोटारसायकल आणि माणसे एकाच होडीतून नेणे टाळावे.

आणि होडी उलटलीच, तर तिला धरून राहावे. लाकडी किंवा फायबरची होडी उलटी झाली तरी बहुतेकदा तरंगत राहते. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. चांगले पोहणारेही काठाकडे निघून मध्येच दमतात.

लाइफ जॅकेट अंगात हवे

जॅकेट बाकाखाली ठेवलेले असेल, तर ते नसल्यासारखेच आहे. होडी उलटल्यावर पाण्यात ते घालता येत नाही. पट्टे आवळल्यावर दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते हनुवटीवर किंवा कानापर्यंत येत असेल, तर ते सैल आहे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही, कारण मूल त्यातून खाली निसटते. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा.

रोज पाण्यावर जाणारे मच्छीमार बांधव म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही.’ त्यांचे म्हणणे खरे आहे, फुगीर जॅकेटात हात आखडतात. अशा वेळी निदान घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरीने होडीला बांधून ठेवावा. माणसाचे शरीर पाण्याइतकेच जड असते, त्यामुळे डोके वर राहायला फार मोठ्या आधाराची गरज नसते. ५ लिटरचा रिकामा कॅन साधारण ५ किलोची उचल देतो आणि त्याला धरून एक माणूस तरंगू शकतो. आपले आजोबा-पणजोबा वाळलेला भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकले, ते याच तत्त्वावर. ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळे लावणाऱ्यांनी मात्र जॅकेटाशिवाय जाऊच नये. ट्यूब फुटली की हातात काहीच उरत नाही.

पाण्याखाली काय आहे?

धरणाखाली गावे, विहिरी, झाडे आणि बांध गेलेले असतात. उजनीची पातळी खूप खाली गेली की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, ते आपण पाहिले आहे. अशा कित्येक गोष्टी हातभर पाण्याखाली लपलेल्या असतात. अनोळखी ठिकाणी सूर मारू नये, मानेचा मणका मोडून आयुष्यभराचे अपंगत्व येते. पाणी ओसरलेल्या काठावर गाळ असतो. त्यात पाय रुतला तर धडपडू नये. मागे रेलून अंग पसरावे आणि एकेक पाय हळूहळू सोडवावा. उपसा सिंचनाच्या मोटारींच्या केबल पाण्यातून गेलेल्या असतात, त्यांच्याजवळ होडी नेऊ नये आणि गळही टाकू नये.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी तर कुणीही उतरू नये. तिथे वरून पडणारे पाणी माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढते. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांना प्राण गमवावे लागले. प्रशिक्षित माणसांचीही जिथे ही गत होते, तिथे आपण काय धाडस करणार?

बुडणारा माणूस ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो आणि ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात ओरडायला श्वास लागतो, आणि बुडणाऱ्याला श्वासच मिळत नसतो. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, हात पाण्याला दाबणारे आणि आवाज नाही, असे दिसले तर तो माणूस बुडतो आहे असे समजावे. एका मिनिटाच्या आतही तो खाली जाऊ शकतो. म्हणून मुलांवर लक्ष ठेवणाऱ्याने मोबाइल खिशात ठेवावा.

एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात, हे आपल्याकडे वारंवार घडते. बुडणारा माणूस मिठी मारून वाचवणाऱ्यालाच खाली ओढतो. काठावरून बांबू, साडी, दोर किंवा ओढणी पुढे करावी. नाही पोहोचली, तर कॅन, ट्यूब, बंद केलेली पाण्याची मोठी बाटली असे तरंगणारे काहीही फेकावे. आणि ताबडतोब ११२ किंवा १०८ ला फोन करावा.

पोट दाबू नका

माणूस बाहेर काढला की बघ्यांची पहिली हाक असते, ‘पोटातलं पाणी काढा!’ मग त्याला उलटे टांगले जाते, डोक्यावर घेऊन फिरवले जाते, पोट दाबले जाते. यातले काहीही करू नये. जीव जातो तो पोटातल्या पाण्यामुळे नव्हे, तर मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे. चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. पोट दाबले की अन्न आणि पाणी वर येऊन फुप्फुसात शिरते.

हाक मारून, खांदे हलवून पाहा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालू नसेल, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे ठेवा. कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. बुडालेल्याला श्वास आधी लागतो, हे लक्षात ठेवा. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने ३० वेळा दाब द्या. दाब पाच सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने हवा. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. उलटी झाली तर त्याला कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा.

शुद्धीवर आलेला, बोलू लागलेला माणूसही रुग्णालयात आणलाच पाहिजे. फुप्फुसात गेलेले थोडे पाणीही तिथला नाजूक थर धुऊन टाकते आणि काही तासांनी धाप लागू शकते. ‘आता बरा आहे’ म्हणून त्याला घरी नेऊ नये.

गळ, काटा आणि दारू

मासेमारीतल्या किरकोळ जखमाही बिघडतात. चिलापीच्या पाठीवरचे काटे किंवा शिंगट्याचा काटा टोचला, तर जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. शिंगट्याच्या काट्याची आग होत असेल, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. मधुमेहींनी तर एक दिवसही अंगावर काढू नये. गळ खोल रुतला असेल तर तो हिसका देऊन ओढू नये, आणि डोळ्याजवळ लागला असेल तर त्याला हातही लावू नये. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून थेट रुग्णालयात यावे.

जिलेटीन फोडून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्यात जाणारा हाताचा पंजा कोणताही शल्यचिकित्सक परत देऊ शकत नाही. फिट येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यावर जाऊ नये आणि गोळ्या चुकवू नयेत.

आणि दारू. दारूने अंदाज चुकतो, तोल जातो आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होते. काठावरच्या पार्टीनंतर ‘एक फेरी मारून येऊ’ असे कुणी म्हटले, तर त्याला हाताला धरून खाली बसवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. यातले बहुतांश मृत्यू टाळता येण्यासारखे होते. येत्या रविवारी सहकुटुंब धरणावर जाणार असाल, तर डब्याबरोबर एक लांब दोर आणि एक रिकामा कॅन गाडीत टाका. होडीवाल्या दादांना आधी विचारा, ‘जॅकेट सगळ्यांना आहे ना?’ उत्तर ‘नाही’ आले, तर काठावर बसूनही पाणी तितकेच सुंदर दिसते.