हुकूम न पाळणारा कॅमेरा

पडद्यावर चित्र स्वच्छ उमटत असूनही नियंत्रकाची दांडी हलवल्यावर फिरता पहारा-कॅमेरा जागचा हलत नाही, तेव्हा त्याची मोटर जळाली असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. परंतु जुन्या ॲनालॉग व्यवस्थेत चित्र एका तारेने येते आणि हुकूम बहुधा आरएस-४८५ नावाच्या वेगळ्याच तारांच्या जोडीने जातो, याचे विस्मरण होते. वीज देताच असे बहुतेक कॅमेरे स्वतःहून एक फेरी घेतात. ती झाली, तर मोटर शाबूत समजावी.

पत्ता चुकलेले किंवा अपरिचित लिपीतले पत्र ज्याप्रमाणे निष्फळ ठरते, त्याप्रमाणे कॅमेऱ्याचा क्रमांक, प्रोटोकॉल (संदेशाची ठरलेली भाषा, उदाहरणार्थ पेल्को-डी) आणि बॉड रेट (संदेशवहनाची गती, बहुधा २४००, ४८०० वा ९६००) यांपैकी एक जरी बाब दोन्हीकडे तंतोतंत जुळली नाही, तर हुकूम पोहोचूनही त्याची तामिली होत नाही.

हुकूम नेणाऱ्या तारांचे धन-ऋण उलटे लागणे हा तर फारच सामान्य दोष. कारण या तारांच्या जोडणीवर लिहिलेली ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरीत नाहीत. म्हणून नव्या मोटरीचा खर्च मंजूर करण्यापूर्वी या दोन तारांची अदलाबदल अवश्य करून पाहावी.