वळूचे रेत तपासतो, मग माणसाचे का नको?

गाय माजावर आली की आपण दवाखान्यात निरोप धाडतो. डॉक्टर उणे १९६ अंशाच्या द्रव नत्रातून कांडी काढतात, कोमट पाण्यात धरतात आणि गाय भरवतात. गाय उलटली तर 'रेत बरोबर होतं ना?' असे विचारायला कुणी लाजत नाही. घरात मात्र चार वर्षे पाळणा हलला नाही की बोट जाते सुनेकडे. देवदेव, गंडेदोरे, नाहीतर दुसरे लग्न! नवऱ्याला तपासतो कोण? खरे पाहता अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाचा दोष, एकटा किंवा बाईच्या दोषाच्या जोडीने, असतोच.

मग घाटकोपरला भाऊ, मुलुंडला मेहुणा असा आसरा बघून जोडपे मुंबई गाठते. अंधेरी-बोरिवलीकडे या उपचारांचे दवाखाने आज जागोजाग आहेत. 'प्रयोगशाळेत शुक्राणू सुधारून घेऊ', असे तिथे कानावर येते. हे सुधारणे म्हणजे काय, ते गाडीत बसण्याआधी कळलेले बरे.

मेलेला शुक्राणू प्रयोगशाळेत जिवंत होत नाही. तिथे होते ती निवड. भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढतो ना, तसेच. वीर्य अर्ध्या-पाऊण तासात पातळ झाले की त्यावर पोषक द्रावण हलकेच सोडतात आणि ३७ अंश उबेत तासभर ठेवतात. जोमदार शुक्राणू आपसूक वर पोहत येतात, ते टिपून घेतात. दुसरी रीत दाट-पातळ द्रावणाच्या थरांची. वर वीर्य सोडून नळी यंत्रात गरगर फिरवली की चांगले शुक्राणू तळाशी बसतात, मेलेले आणि इतर गाळ वर अडकतो. हे निवडक शुक्राणू मग गर्भाशयात सोडतात. संख्या फारच कमी असेल तर एकच शुक्राणू बारीक काचेच्या सुईने स्त्रीबीजात टोचतात. परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याच्या पुढची ही पायरी. बेल्जियममधून १९९२ साली तिचे यश जाहीर झाले.

खरी सुधारणा शरीरातच व्हायची, आणि तिला अडीच-तीन महिने लागतात, कारण नवा शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे सत्तर दिवस जातात. तंबाखू, दारू सुटली पाहिजे. अंडकोशाजवळच्या शिरा फुगल्या असतील तर काहींना शस्त्रक्रियेने गुण येतो. ताकदीची म्हणून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर उलट शुक्राणूच बंद पाडतात. फवारणीवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कामगारांत १९७७ साली वंध्यत्व आढळले होते. हातमोजे, तोंडाला फडके हे उगाच सांगत नाहीत.

२०२१ च्या कायद्याने अशा दवाखान्याला नोंदणी सक्तीची आहे आणि दोघांची लेखी संमती घ्यावी लागते. नोंदणीचा दाखला बघायला मागावा, त्यात संकोच कसला? आणि एवढे पैसे मोजायच्या आधी एकूण खर्च किती, यश न आल्यास पुढे काय, हेही विचारावे. ग्रामसेवक, आरोग्यसेवकांनी घरच्यांना हे समजावले तर एखाद्या सुनेचा संसार वाचेल.

वीर्याची पहिली तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या प्रयोगशाळेतही होते. आधी दोन ते सात दिवस संयम पाळावा. नमुना घरून न्यायचा तर तासाभरात पोचवावा, डबी अंगाच्या उबेत, आतल्या खिशात ठेवावी. एका अहवालावर हातपाय गाळू नयेत, काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावे.