गणपतीच्या वाटेवरचे एकच तिकीट

भाद्रपद जवळ आला की मुंबईकर चाकरमान्याचे चित्त कामात ठरत नाही. अष्टागरापासून थेट श्रीवर्धनापर्यंत घरोघरी पाट मांडला जात असतो, आणि घरचा कर्ता पोहोचला नाही तर चतुर्थीची प्राणप्रतिष्ठा खोळंबते. हरितालिकेच्या रात्रीपर्यंत उंबरठा गाठायचा, ही एकच चिंता.

एरवी अलिबागकरांचा प्रवास सोपा. गेट वे ऑफ इंडियावर लाँचचे तिकीट काढले की मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे त्यातच येते. एका कागदावर समुद्र आणि रस्ता दोन्ही! परंतु पावसाळ्यात या लाँच बंद असतात, आणि गणपती लवकर आले तर त्या सुरूही झालेल्या नसतात. दर्याचा कोप या किनाऱ्याने पाहिला आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दर्याने नेली. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, ती पावसाळ्यातही चालते. तरी वडीलधारी मंडळी बरोबर असली की पुष्कळ कुटुंबे आगगाडीचीच वाट धरतात.

ही आगगाडी १९८६ साली रोह्यापर्यंत आली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. येथे आम्हांला गृहस्थांस एक आग्रहाचे सांगणे आहे. दादर, कुर्ला वा घाटकोपरच्या खिडकीशी उभे राहून नुसते 'दिवा' किंवा 'पनवेल' म्हणू नये. जिथे उतरायचे त्या पेणचे, नागोठण्याचे, रोह्याचे वा माणगावचे नाव घ्यावे आणि कोणत्या मार्गाने जाणार तेही सांगावे. खिडकीतील बाबू लोकल आणि पुढची पॅसेंजर मिळून एकच तिकीट देतो. अर्ध्या वाटेवर, काखेत मूल आणि हातात पूजेच्या साहित्याची पिशवी सांभाळीत, पुन्हा रांगेत उभे राहणे टळते. त्या रांगेपायी रोह्याची गाडी डोळ्यांदेखत सुटलेले प्रवासी आम्ही पाहिले आहेत. शिवाय अंतर वाढेल तसा दर मैलामागचा आकार उतरत जातो, आणि किमान भाडे दोनदा भरावे लागत नाही.

मात्र एवढ्या जवळचे अनारक्षित तिकीट आदल्या दिवशी काढून देव्हाऱ्यात ठेवता येत नाही. काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीने निघावे लागते. पॅसेंजरच्या तिकिटावर एक्स्प्रेसमध्ये चढू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होते. माणगावच्या प्रवाशाला ते कळतही नाही, कारण तिकीट तेच असते.

अलिबागकरांना मात्र पेणला उतरून एस.टी. धरावी लागते. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ गेले आहेत खरे, पण ते मालगाडीचे. खताला रेल्वे लाभली, कनकेश्वराच्या भक्ताला अजून लाभायची आहे! पालीच्या बल्लाळेश्वराला जाणाऱ्यांनी नागोठण्याचे तिकीट मागावे. दिवेआगरच्या सुवर्णगणेशासाठी माणगाव. १९९७ साली जमिनीत सापडलेला तो मुखवटा २०१२ साली चोरीस गेला होता. २०२१ साली त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, आणि माणगावला उतरून दिवेआगरची एस.टी. शोधणारी मंडळी आता पुन्हा दिसू लागली आहेत.