चौकटीबाहेर राहिलेले ‘नाही’

मोबाइलच्या पडद्यावर मराठी वाचणाऱ्यांना तुटलेल्या वाक्यांची सवय झालेली असते. बटणावर ‘पूर्ववत क…’ असे लिहिलेले असते, यादीत ‘सर्व सूचना वाचल्या म्हणून चिन्हां…’ असे दिसते, आणि उरलेले आपण मनातल्या मनात पुरे करतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर ठरतो, म्हणून तक्रार कोणी करत नाही. पण समजा, पैसे पाठवताना व्यवहार अडकला आणि पडद्यावर आले : ‘रक्कम खात्यातून वजा झाली…’. मूळ वाक्य होते, ‘रक्कम खात्यातून वजा झाली नाही’. इथे अंदाज बरोबर ठरण्याची सोयच उरलेली नाही, कारण तुटलेले वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे आणि अर्थाने नेमके उलटे.

इंग्रजीत असे सहसा होत नाही. तिथे नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येतो. नकाराच्या आधीच वाक्य तुटले, तर मुख्य क्रियापदही गेलेले असते आणि वाक्य अपुरे असल्याचे उघड दिसते. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही नंतर. यंत्र मजकूर कापते ते शेवटाकडून. त्यामुळे जागा कमी पडली की पहिला बळी जातो तो ‘नाही’चा. मराठी पडद्यावर मजकूर न मावणे हा म्हणूनच केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. तो कसा उद्भवतो आणि वेळेत कसा शोधता येतो, हे पाहण्यासारखे आहे.

चौकट आधी, मजकूर नंतर

सॉफ्टवेअरचा पडदा बहुधा इंग्रजीत आखला जातो. बटणे, शीर्षके, सूचना यांच्या चौकटी इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर ठेवून ठरतात. नंतर सगळा मजकूर एका फाइलमध्ये ओळीओळीने वेगळा काढून भाषांतरकाराकडे जातो. या कामाला स्थानिकीकरण म्हणतात. भाषांतरकारापुढे ओळींची यादी असते, पडदा नसतो. ओळ बटणावर जाणार की परिच्छेदात, तिला किती जागा आहे, हे पुष्कळदा त्याला कळत नाही. इंग्रजीतले ‘अन्डू’ चार रोमन अक्षरांत संपते. मराठीत ‘पूर्ववत करा’ असे दोन शब्द लागतात, कारण एकट्या क्रियापदाने भागवण्याची इंग्रजीची सोय आपण बरेचदा नाम आणि ‘करा’ जोडून साधतो.

मजकूर जितका छोटा, तितका तो भाषांतरात अधिक प्रमाणात फुगतो, हे या क्षेत्रात जुने ज्ञान आहे. आयबीएमच्या एका प्रसिद्ध तक्त्यानुसार, दहा अक्षरांपर्यंतच्या इंग्रजी मजकुराच्या भाषांतराला सरासरी २०० ते ३०० टक्के जागा धरावी, तर सत्तरहून अधिक अक्षरांच्या मजकुराला १३० टक्के पुरते. लांब मजकुरात कमीजास्त होऊन जुळून येते. एका शब्दाच्या बटणाला तशी संधी नसते. आणि पडद्यावर सर्वांत जास्त वापरली जातात ती बटणेच.

‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरे किती?

मजकूर मावतो की नाही हे यंत्राने तपासायचे, तर आधी तो मोजता यायला हवा. इथेच देवनागरीत पेच पडतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो : म, हा, रा, ष्ट्र. संगणक मात्र तो दहा संकेतांक म्हणून साठवतो, कारण काने आणि हलन्त चिन्हे वेगळी मोजली जातात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात, म्हणजे हा शब्द तीस बाइटांचा होतो. वाचकाला एकच वाटणारे अक्षर कोणते, हे ठरवणारे युनिकोडचे नियमही पूर्वी जोडाक्षर हलन्तापाशी तोडत, त्यामुळे त्यांच्या हिशेबी हा शब्द सहा अक्षरांचा होता. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिपींसाठी हा नियम बदलला आणि ‘ष्ट्र’ एकसंध धरला जाऊ लागला. एकाच शब्दाची चार मापे झाली : तीस, दहा, सहा आणि चार.

कापणारी आज्ञावली यांपैकी कोणते माप वापरते, यावर तुटलेला मजकूर कसा दिसेल ते ठरते. बाइट मोजून कापले तर अक्षराच्या मधोमध घाव बसून शेवटी प्रश्नचिन्हाची चौकट उमटू शकते. संकेतांक मोजून कापले तर ‘कार्ड’चे ‘कार्’ होते आणि हलन्त लोंबकळत राहतो. वाचकाचे अक्षर मोजून कापले तरच निदान तुटलेला तुकडा मराठी दिसतो.

तरीही यांतले कोणतेच माप रुंदी सांगत नाही. ‘रा’ आणि ‘क्ष’ दोन्ही एकेक अक्षरे आहेत, पण त्यांना लागणारी जागा सारखी नाही, आणि ती फॉन्टनुसार बदलते. ‘या बटणासाठी कमाल पंधरा अक्षरे’ अशी सूचना भाषांतरकाराला द्यायची पद्धत म्हणूनच मराठीसाठी फारशी उपयोगाची नाही. मजकूर प्रत्यक्ष त्या फॉन्टमध्ये रेखाटून त्याची रुंदी चौकटीच्या रुंदीशी ताडणे, हाच भरवशाचा उपाय.

वरून आणि खालून

रुंदीचे तुटणे तीन टिंबांमुळे निदान कळते. उंचीचे तुटणे चोरपावलांनी येते. रोमन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची बांधून ठेवली असेल, तर शिरोरेषेवरची वेलांटी, रफार आणि अनुस्वार वरून छाटले जातात. उकार आणि ऋकार खालून. मग ‘वर्ग’चा ‘वग’ होतो, आणि ‘गुण’ ‘गण’ दिसतात. ‘मूर्तींमध्ये’ या शब्दातल्या ‘र्तीं’वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिघेही शिरोरेषेच्या वर बसलेले असतात. ‘पुनर्मूल्यांकन’मधल्या ‘र्मू’ला वर रफार आणि खाली ऊकार आहे. असे शब्द चौकटीची उंची पारखायला उत्तम.

यावर एक उपाय लिपीच आखडण्याचा झाला. गूगलच्या नोटो फॉन्टकुलात देवनागरीसह काही लिपींची ‘यूआय’ नावाची वेगळी रूपे तयार केली गेली. पडद्यावरच्या अपुऱ्या उंचीत मावावीत म्हणून त्यांची चिन्हे बेताने बसवलेली होती. लिपीला यंत्राच्या मापात बसवण्याची ही धडपड आपल्याला नवी नाही. छपाई आणि टंकलेखन सुलभ व्हावे म्हणून सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली होती. ती सर्वत्र रुजली नाही. पुढे यंत्रेच सुधारली आणि जुन्या ‘इ’, ‘उ’ला पडद्यावर जागा मिळाली.

शोधण्यासाठी रचलेली भाषा

भाषांतर पूर्ण झाल्यावर दोष सापडला, तर चौकट बदलणे महागात पडते. म्हणून भाषांतराआधीच दोष उघडे पाडणारी एक युक्ती रूढ झाली. तिचे नाव स्यूडो-लोकलायझेशन, म्हणजे लटके स्थानिकीकरण. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा या आवृत्तीत अशा लटक्या भाषांची सोय ठेवली होती. अँड्रॉइडमध्ये आणि ॲपलच्या विकास-साधनांतही ती आहे.

यात इंग्रजी मजकुराचेच सोंग सजवतात. प्रत्येक रोमन अक्षरावर टोपी, टिंब किंवा तिरपी रेघ चढते, शेवटी भरीचा मजकूर जोडून ओळ लांबवली जाते आणि सगळे चौकोनी कंसात ठेवले जाते. ॲपलची एक पद्धत तर प्रत्येक ओळ सरळ दोनदा लिहिते. हे सोंग तपासनिसाला वाचता येते, त्यामुळे दुसरी भाषा येण्याची गरज पडत नाही. बंद होणारा कंस दिसला नाही, की तिथे मजकूर कापला जातो आहे. टोपी नसलेले साधे इंग्रजी दिसले, की ती ओळ भाषांतराच्या फाइलमध्ये आलेलीच नाही. एका वाक्यात कंसांच्या दोन-तीन जोड्या दिसल्या, की ते वाक्य तुकडे जोडून बनवले आहे. मराठीत अशा वाक्याचे लिंगवचन हमखास बिघडते, कारण ‘फोटो हटवला’ आणि ‘फाइल हटवली’ एका साच्यातून निघत नाहीत.

या युक्तीने रुंदीचे पुष्कळ दोष सापडतात. पण ती रोमन लिपीतच वावरते. उकार-ऋकारांची खोली आणि जोडाक्षरांची मोडतोड तिला पूर्ण दिसत नाही, आणि वाक्याच्या शेवटी बसलेले ‘नाही’ तर मुळीच दिसत नाही.

मराठीची स्वतःची तपासणी

त्यासाठी आपल्याकडे साधी तपासणी करता येते. भाषांतराच्या फाइलमध्ये ‘नाही’ आणि ‘नाहीत’ने संपणाऱ्या सगळ्या ओळी शोधाव्यात. त्यांतही भूतकाळाच्या आणि ‘णार’च्या ओळी आधी पाहाव्यात. ‘जमत नाही’ तुटले तर ‘जमत…’ उरते, ‘उघडू नका’ तुटले तर ‘उघडू…’. दोन्ही अपुरी आहेत हे वाचकाला कळते. ‘परतावा मिळणार नाही’ मात्र तुटल्यावर ‘परतावा मिळणार…’ असे ठाम आश्वासन होऊन बसते. या निवडक ओळी सर्वांत अरुंद पडद्यावर, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवून पाहाव्यात. हा आकार वाढवतात ते मुख्यतः नजर अधू झालेले वाचक. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या निकषांनीही मजकूर दुप्पट मोठा केला तरी त्यातले काही हरवू नये, अशी अपेक्षा ठेवली आहे.

न मावणाऱ्या ओळीवर भाषेतही इलाज आहेत. मराठीत नकार पुढे आणणारे उपसर्ग भरपूर : अपूर्ण, अयशस्वी, नामंजूर, बिनव्याजी. ‘व्यवहार पूर्ण झाला नाही’ऐवजी ‘व्यवहार अपूर्ण’ लिहिले तर नकार टिंबांच्या तावडीतून सुटतो. पण इथे जपून पावले टाकावी लागतात. ‘अर्ज मंजूर झालेला नाही’ म्हणजे निर्णय अजून व्हायचा असू शकतो. ‘अर्ज नामंजूर’ म्हणजे निर्णय झाला आणि तो विरुद्ध गेला. दोन शब्द वाचवताना अर्जदाराची आशा खोडली जाते. अशा ठिकाणी ‘निर्णय प्रलंबित’ असे लिहावे, किंवा सरळ चौकट वाढवून घ्यावी.

चौकट वाढवणे हेच बहुतेक वेळा योग्य असते. ओळ कापण्याऐवजी तिला दुसऱ्या ओळीवर उतरू देणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पैसे, औषध, अर्ज, मुदत यांविषयीच्या सूचनांना तीन टिंबे लावायचीच नाहीत, असा नियम पडदा आखणाऱ्यांनी पाळला तरी मोठा धोका टळेल. भाषांतरकाराला ओळींसोबत पडद्याचे चित्र दिले, तर उरलेले काम तो करू शकेल. आणि वाचकांनीही तुटलेले वाक्य मनातल्या मनात पुरे करून पुढे जाण्याऐवजी, त्या पडद्याचे चित्र घेऊन ते ॲप बनवणाऱ्यांकडे पाठवावे. ‘नाही’ हरवले आहे, हे मराठी वाचणाऱ्यालाच कळू शकते.