दोराच्या दोन टोकांची माणसे

नाशिकहून नाशिक रोडकडे जाताना वाटेत गांधीनगर लागते. तेथील धावपट्टीवरून उठणाऱ्या हेलिकॉप्टरांची घरघर आसपासच्या रहिवाशांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, मान वर करून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. परंतु जो क्षणभर थांबेल त्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. कित्येकदा ही यंत्रे कोठेच जात नसतात. जमिनीपासून थोड्या उंचीवर ती एकाच जागी तरंगत राहतात. भूसेनेच्या विमानन दलातील वैमानिक तयार करणारी शाळा येथे 2003 पासून आहे, आणि हे निश्चल तरंगणे हा तेथील अवघड धड्यांपैकी एक होय. संकटात सापडलेल्या मनुष्यास आकाशातून उचलून नेण्याची सारी विद्या याच धड्यावर उभी आहे.

वेगाने पुढे जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना सतत नवी, शांत हवा मिळते. जो एका जागी थांबला, त्याच्या भोवतालची हवा त्याच्याच पात्यांनी खाली ओढलेली असते. म्हणून उडण्यापेक्षा थांबण्यासच अधिक शक्ती खर्ची पडते. त्यात ऊन्ह व उंची या दोहोंनी हवा विरळ होते. सियाचेनच्या बाजूस सुमारे 6,000 मीटर उंचीवरून आजारी जवानास खाली आणावयाचे, तर इंधन किती घ्यावे व माणसे किती घ्यावीत याचा हिशेब किलोकिलोने करावा लागतो. तो चुकला, तर एकाऐवजी अनेकांचे प्राण धोक्यात येतात. यास्तव नुसते धाडस हा येथे गुण समजला जात नाही. ‘आज जमणार नाही’ असे वेळेवर म्हणण्याचा विवेकही तितकाच लागतो.

निवडीची कसोटीही त्याच धोरणाची. हात एक काम करीत असता पाय दुसरे करतात की नाही, आणि मन गोंधळून न जाता तिसऱ्याकडे लक्ष देते की नाही, हे आपल्या सैन्यदलांतील वैमानिकाच्या चाचणीत पाहतात. या चाचणीत जो एकदा नापास झाला, त्यास ती पुन्हा देता येत नाही, असा नियम बराच काळ होता.

परंतु वैमानिक हे दोराचे वरचे टोक झाले. खालच्या टोकास जो उतरतो, त्याच्या विद्येचा इतिहास आपल्या सरहद्दीशी निगडित आहे. 2 ऑगस्ट 1943 रोजी आसामातील चबुआ येथून चीनकडे निघालेले एक अमेरिकन विमान नागा डोंगरांत कोसळले. छत्र्यांनी खाली उतरलेल्या सुमारे वीस जणांपैकी काही जखमी होते. त्यांच्या शुश्रूषेसाठी लष्करी वैद्य डॉन फ्लिकिंजर यांनी दोन सहकाऱ्यांसह त्याच रानात उडी घेतली. वैद्यास उडी मारता आली पाहिजे, किंवा उडी मारणाऱ्यास वैद्यकी आली पाहिजे, हा धडा त्या प्रसंगाने शिकवला. आज कॅनडात या कामासाठी माणसे निवडतात आणि कोमॉक्स येथे त्यांस सुमारे वर्षभर छत्री, पाणबुडी, गिर्यारोहण व रुग्णोपचार यांचे शिक्षण देतात. आपल्याकडे हे काम वाटून दिलेले आहे : समुद्रावर नौदलाचे पाणबुडे, अन्यत्र हवाई दलाचे गरुड किंवा भूसेनेचे छत्रीधारी.

हेलिकॉप्टरचा विंच म्हणजे विहिरीवरील रहाटाचाच भाऊ. पोहरा वर येताना झुलतो व काठावर आपटतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास अडचण सहज कळेल. फरक एवढाच की, येथे रहाट हलतो आहे, आणि तो चालविणाऱ्या वैमानिकास आपल्या बरोबर खाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून दाराशी ओणवा झालेला सहकारी त्याचे डोळे बनतो : ‘पुढे दोन मीटर, डावीकडे एक, थांबा.’ त्या आवाजात घाबरेपणा आला, तर वैमानिकाच्या हातातही तो उतरतो. स्वर सम राखणे हे येथे दोर राखण्याइतकेच महत्त्वाचे शिक्षण आहे.

याची परीक्षा 1992 च्या ऑक्टोबरात हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे झाली. रज्जुमार्गाची तार तुटून एक पाळणा खोल दरीवर अधांतरी लटकला, आणि त्यात दहा प्रवासी अडकले. फली होमी मेजर यांनी तारांच्या जाळ्याजवळ हेलिकॉप्टर स्थिर धरले, आणि मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो दोराने पाळण्याच्या टपावर उतरले. त्या संध्याकाळी काही प्रवासी वर गेले. अंधार पडल्याने काम थांबले, तेव्हा क्रास्टो स्वतः वर न जाता उरलेल्यांसोबत रात्रभर पाळण्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी बाकीचेही सुखरूप सुटले. क्रास्टो यांस पुढे कीर्तिचक्र, तर फली मेजर यांस शौर्यचक्र मिळाले.

तथापि यश ठरलेले नसते. 2022 च्या एप्रिलात झारखंडातील त्रिकूट येथे अशाच कामात चाळिसांहून अधिक जण वाचले. पण एक मनुष्य हेलिकॉप्टरच्या दारापर्यंत येऊनही निसटून पडला. शेवटचा हातभर दोर हाच सर्वांत लांब असतो.

यापुढे गांधीनगरावर एखादे हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगताना दिसले, तर ते व्यर्थ फिरत आहे असे कोणी समजू नये. कोणाच्या तरी त्या शेवटच्या हातभर अंतराचा अभ्यास तेथे चाललेला असतो.