जाहिरातीला पोर दिसत नाही

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड उघडायचा, तर खोडाळा गावातल्या कितीतरी घरांत पोराला बाप कामावरून यायची वाट बघावी लागते. घरात फोन एकच, तोही त्याच्या खिशात. हातात आला की आधी ‘दीक्षा’ ॲपवरचा धडा, मग कार्टून, मग गेम. गेम मध्येच थांबतो आणि झटपट कर्जाची जाहिरात येते. पाठवणाऱ्याच्या लेखी समोर कमावता पुरुष बसलाय, चौथीतलं पोर नव्हे.

अँड्रॉइड फोनला एक जाहिरात आयडी असतो. आकडे-अक्षरं मिळून 32. त्यात नाव-गाव काही नसतं, पण कुठलं ॲप कधी उघडलं, कशावर बोट टेकलं, हे वेगवेगळ्या कंपन्या त्याच आयडीच्या खात्यावर मांडत जातात आणि वयाचे, कमाईचे अंदाज बांधतात. लोकेशन चालू असेल तर गावही कळतं. सेटिंग्जमध्ये ‘गुगल’खाली जाहिरातींच्या पानावर हा आयडी हटवता येतो. जाहिराती त्याने थांबत नाहीत, जुना माग मात्र तुटतो.

कार्टूनचं सोडा, अभ्यासाचं ॲपही यातून सुटलं नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने करोनाकाळात 49 देशांतली दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲप्स आणि संकेतस्थळं तपासली. मे 2022 च्या अहवालानुसार त्यांतली सुमारे 89 टक्के ॲप्स-संकेतस्थळं मुलांवर नजर ठेवत होती किंवा ठेवू शकत होती. आपलं सरकारी ‘दीक्षा’ही त्यात होतं: मुलाचं नेमकं ठिकाण टिपायची सोय त्यात होती, आणि जाहिरात आयडी गुगलकडे जात होता. जानेवारी 2023 मध्ये तर ‘दीक्षा’चा एक सर्व्हर कुलपाविनाच पडून असल्याची बातमी आली; सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती उघड्यावर. करोनात शाळा बंद असताना ‘नको हे ॲप’ म्हणायची सोय तरी कुणाला होती?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली. पालकांची पडताळलेली संमती हवी, नाहीतर 200 कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले; मुख्य तरतुदी लागू व्हायला मे 2027 उजाडेल. कायदा कडक आहे, पण मूल आहे हे कंपनीला कळलं तर. फोन बापाच्या नावावर असेल तर ते कळणार कसं? आणि संमती मागितलीच, तरी ओटीपी त्याच फोनवर येणार. घरात तो वाचता येणारं माणूस पुष्कळदा एकच असतं: ते पोर.