नाटक थांबतं तिथून पुढे

रेखा खाली बसलेली, चुलता हात उगारून उभा, आजीचा पदर तोंडाशी. नाटक बसवणाऱ्या ताईनं टाळी वाजवली आणि तिघंही होते तसे थिजले. ती प्रेक्षकांकडे वळली. "ह्या गोष्टीत कुणाला, कुठं वेगळं वागता आलं असतं? बसल्या जागेवरून सांगू नका. इथं या आन् करून दाखवा."

बीड जिल्ह्यातलं एक गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. पुढे सतरंजीवर आठवी ते दहावीची मुलंमुली, मागे भिंतीला टेकून बाया आणि म्हातारी माणसं, कडेला मोटारसायकलींवर बसलेले तरुण. नाटकातली रेखा नववीत आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते. सागर तिला आवडतो. एका रात्री तो फोनवर तिचा कपड्यांविना फोटो मागतो. ती दोनदा नाही म्हणते, तिसऱ्यांदा पाठवते. फोटो सागरच्या मित्राकडे जातो, तिथून गावात, तिथून चुलत्याच्या कानावर. चुलता स्थळ घेऊनच येतो. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, आईबाप परतले, की उरकून टाकायचं. पुढच्या हंगामाला नवी जोडी तयार.

जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला, त्यामुळे इथे मुलीच्या लग्नामागे अब्रूची भीती असते तसा रोकडा हिशोबही असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये तो आकडा चाळिसाच्या वर आहे. लैंगिक आरोग्याचा विषय इथे शरीराच्या तक्त्यापाशी सुरू होऊन तिथेच संपवता येत नाही.

नाटक अर्ध्यावर थांबवून प्रेक्षकालाच पात्राच्या जागी उभं करण्याच्या या प्रकाराला फोरम थिएटर म्हणतात. ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांनी तो घडवला. लष्करी राजवटीनं १९७१ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं, पुढे देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूच्या साक्षरता मोहिमेत काम करताना घडलेला एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवलाय. एका निरक्षर बाईला तिच्या नवऱ्यानं काही कागद सांभाळायला दिले होते; ती त्याच्या प्रेयसीची पत्रं निघाली. आता नवरा घरी आल्यावर तिनं काय करावं, असं नटांनी प्रेक्षकांना विचारलं. एक धिप्पाड बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोलायला पाहिजे. नटांनी स्पष्ट बोलणं करून दाखवलं. तिला पटलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच या. ती आली, झाडू उचलला, नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला चांगलं बडवलं आणि मगच बोलणं सुरू केलं. तिच्या मनातलं स्पष्ट बोलणं दुसऱ्या कुणाला करून दाखवता येणार नव्हतं. बोआलांचं फोरम थिएटर इथून निघालं. पश्चिम बंगालमध्ये सुंदरबनच्या खेड्यांत १९८५ मध्ये सुरू झालेली 'जनसंस्कृती' ही संस्था याच वाटेनं काम करते आहे. आणि भारुड पाहत, वगातल्या सोंगाड्याला थेट उत्तरं देत वाढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला नाटकात बोलायचं म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही.

नाटकातली मुलं याच तालुक्यातली, चौदा ते सतरा वयाची. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा हजार लोकवस्तीमागे दोन मुलगे आणि दोन मुली 'पीअर एज्युकेटर' म्हणून निवडाव्यात असं ठरलं. आपल्याच वयाच्यांशी बोलायचं, त्यांना दवाखान्यापर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. या गटातली बरीच मुलं त्यातून आलेली. त्यांच्या तालमी मी समाजमंदिरात बसून पाहिल्या आणि माझं लक्ष प्रयोगापेक्षा तालमीनंच जास्त धरून ठेवलं.

सुरुवातीला नुसतं हसणं. ताई ते दाबत नाही. कागदावर माणसाची बाह्यरेषा काढून अवयवांची नावं लिहायला सांगते; घरातली, कट्ट्यावरची, पुस्तकातली, सगळी. हसून हसून पोरं दमतात आणि मग खरे प्रश्न यायला लागतात. प्रश्नांसाठी पत्र्याचा एक डबा आहे, चिठ्ठीवर नाव नाही. 'झोपेत होतं त्यानं ताकद जाते का?' 'पाळीत लोणचं नासतं का?' 'एकदाच केल्यानं दिवस जातात का?' एसटी स्टँडच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून घाबरलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या मला सगळ्यांत जास्त दिसल्या. झोपेत वीर्य बाहेर येणं हे वयात येण्याचं साधं लक्षण आहे, एवढं एक वाक्य कुणी न सांगितल्यामुळे मुलगे वर्षानुवर्षं मनात भीती घेऊन फिरतात.

मग मेडिकलचा प्रवेश. मोठा भाऊ, वय वीस, लग्न झालेलं, दुकानात जाऊन कंडोम मागतो. संहितेत एकच वाक्य होतं. काम करणारा मुलगा अकरावीतला, गावच्या कबड्डी संघात खेळणारा, अंगानं दांडगा. काउंटरपाशी आला आणि म्हणाला, "ते... पाकीट द्या." दुकानदार झालेल्या मुलीनं शांतपणे विचारलं, "कशाचं? बिस्किटाचं?" सगळे हसले. ताई म्हणाली, परत. दुसऱ्या वेळी त्यानं डोकेदुखीची गोळी मागितली आणि तीच घेऊन परतला. परत. मग ताईनं मागे एक 'ओळखीचे काका' उभे केले. त्यांना पाहताच तो दारातूनच मागे फिरला. त्यानंतरच्या वेळी तो आत आला, काकांना "रामराम" घातला, वळला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "कंडोम द्या एक पाकीट." ताईनं त्याला तिथेच थांबवून विचारलं, आत्ता अंगात काय झालं? तो म्हणाला, "कान तापले. पण मेलो नाही."

एड्सची रिबीन, घोषणा, भाषण, सगळं त्यानं शाळेत पाहिलेलं होतं. कंडोम कशासाठी असतो हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. तो शब्द काउंटरवर, ओळखीच्या माणसासमोर, स्वतःच्या तोंडून काढायचा मात्र त्याला कधी सराव नव्हता. पोरींचंही तेच. "मला नको" हे वाक्य आवडणाऱ्या माणसाला तोंडावर म्हणायचं, तो रुसल्यावर परत म्हणायचं, "पाळी चुकलीय" हे आईला सांगायचं. माझं मत असं बनलं आहे की आपल्या लैंगिक शिक्षणात माहितीपेक्षाही या सरावाची तूट मोठी आहे, आणि ती भरून काढायला नाटकाएवढं सोयीचं साधन दुसरं नाही. तालमीत चूक झाली तर परत करता येतं. आयुष्यात ती संधी फार थोड्या मुलींना मिळते.

माहिती चुकीची असून मात्र चालत नाही. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक बाई संहिता ओळ न् ओळ वाचतात. किशोरवयीनांसाठीच्या आरोग्य केंद्रांना आपल्याकडे मैत्री क्लिनिक म्हणतात. एका मुलानं संवादात लिहिलं होतं, 'गोळी घेतली की सगळं साफ.' बाईंनी तो काढायला लावला. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती गर्भपाताची गोळी नाही, आणि एचआयव्ही किंवा इतर संसर्गापासून ती वाचवत नाही. हे सगळं संवादात यायला हवं आणि तरी तो संवादच राहायला हवा. मुलांनी दोन मैत्रिणींचं भांडण रचून ते साधलं. एक चुकीचं बोलते, दुसरी तिला वैतागून दुरुस्त करते.

सगळ्यांत अवघड गाठ कायद्याची. पोक्सो कायद्यानं २०१२ पासून अठराखालच्या व्यक्तीची संमती ही संमतीच धरली जात नाही, आणि असा संबंध कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी पाळी चुकली म्हणून दवाखान्यात जायलाही कचरते, भोंदूकडे जाते. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं की संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिनं आणि तिच्या पालकानं विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट खेड्यातल्या मुलीपर्यंत पोचवायला हवी, ती कोण पोचवणार?

मुलंच पोचवतात, आणि इथे मला काळजी वाटते. प्रयोग झाला की कुणीतरी रेखाचं काम करणारीला हातपंपाच्या बाजूला गाठतं आणि स्वतःची गोष्ट सांगतं. पंधरा वर्षांच्या मुलीवर हे ओझं टाकणं बरोबर नाही. म्हणून गटाचा नियम कडक आहे. खरी घटना, खरं नाव रंगमंचावर आणायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि ऐकून घेतल्यावर काय बोलायचं हे पाठच करून घेतलंय: तुझी चूक नाही, मला एकटीला हे झेपणार नाही, आपण दोघी मिळून मोठ्या माणसाकडे जाऊ. मोठं माणूस म्हणजे समुपदेशक बाई, आशाताई, किंवा १०९८ ही हेल्पलाइन. या तीन वाक्यांची तालीम इतर कुठल्याही प्रवेशापेक्षा जास्त वेळा होते.

महाराष्ट्रात या विषयावर बोलणाऱ्यांना मोकळी वाट कधीच मिळाली नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात मांडली. २००७ मध्ये राज्यातल्या शाळांत लैंगिक शिक्षणाला बंदी झाली. मुलं बिघडतील ही भीती तेव्हा होती, आजही आहे. युनेस्कोनं जगभरचे अभ्यास तपासून २०१८ मध्ये सांगितलं की असं शिक्षण मिळाल्यानं मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसत्या समवयस्कांच्या शिकवण्यानं ज्ञान वाढतं, वागणं बदलेलच असं नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळच्या शाळांत नाटकाच्या अंगानं एचआयव्हीवर काम झालं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात ज्ञान आणि दृष्टिकोन तर सुधारलेच, लैंगिक संबंध असलेल्या मुलांमध्ये कंडोमचा वापरही वाढलेला दिसला. मला वाटतं, नाटकाच्या टोकाला उघडा दवाखाना असेल तरच हे टिकतं. बाह्यरुग्ण विभाग सकाळी, शाळेच्या वेळेत चालत असेल तर मुलीनं जायचं कधी?

पटांगणात पहिला उठला तो मोटारसायकलीवरचा एक पोरगा. त्यानं सागरच्या मित्राची कॉलर धरली. ताईनं करू दिलं. मारामारी झाली, रेखा तिथेच बसलेली. "हिचं काय झालं?" ताईनं विचारलं. तो खाली मान घालून परतला. मग नववीतली एक मुलगी रेखाच्या जागी आली. चुलता झालेल्या मुलानं तिला सोडलं नाही: उचल कोण फेडणार, गावात तोंड कुठं दाखवायचं, तूच पाठवलास ना फोटो? ती अडखळली. मागून एक बाई ओरडली, "ग्रामसेवकाला सांग म्हणावं!" बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर असते, हे ताईनं तिथेच सगळ्यांना सांगितलं आणि मुलीला परत बोलायला लावलं. या वेळी ती आजीकडे वळली. "आज्जे, मी चुकले आसंल. पर त्यापायी माझं लगीन कशापायी? पोलिसात त्याला दे की." अठराखालच्या मुलीचा असा फोटो पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, हे तिला नाटकाच्या पहिल्या भागातून कळलेलं होतं.

बोआलांच्या नियमानुसार ज्याच्यावर अन्याय होतो त्याचीच जागा प्रेक्षकानं घ्यायची. ताई हा नियम मुद्दाम मोडते, आणि मला ते योग्य वाटतं. सगळा प्रश्न रेखानं काय करावं यावरच अडकला, तर पोरी घरी जाताना दोष स्वतःच्याच पदरात घेऊन जातात. त्या दिवशी दहावीतला एक मुलगा शेवटी उठला आणि सागरच्या मित्राच्या जागी गेला. सागरनं फोन पुढे केला: "बघ की." तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला नाही बघायचा. तूबी डिलीट कर, माझ्यासमोर कर." सागर झालेला मुलगा या वाक्याला तयार नव्हता. त्यानं हसून टाळायचा प्रयत्न केला, दुसऱ्यानं हात पुढे धरूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात या प्रवेशावर वाद झाला. फोटो पुसला तर पोलिसांना पुरावा काय दाखवणार, असं एका मुलीनं विचारलं आणि सगळे गप्प झाले. ताईनं समुपदेशक बाईंना फोन लावला. मुलीनं तक्रार करायची तर तिनं आपल्याकडचे मेसेज पुसू नयेत, आणि फोटो कुणाला दाखवत न फिरता थेट मोठ्या माणसाला सोबत घेऊन जावं, असं त्यांनी सुचवलं. मित्राचा प्रवेश नाटकात पहिल्या भागात घ्यायचा ठरला, फोटो गावभर होण्याआधी. चुलत्याचं काम करणाऱ्या मुलानं आपल्याला आता दुसरं काम द्या म्हणून हट्ट धरला. पुढच्या गावात ते काम मुलगी करणार आहे.